गाडी मागून बसते? स्प्रिंग घ्यायच्या आधी काट्यावर न्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर, सप्टेंबरमध्ये पुण्याहून स्पिती आणि तिथून पुढे लडाख, चार माणसं म्हणजे तुम्ही दोघं, बाबा आणि चौदा वर्षांचा मुलगा. टपावर लोखंडी रॅक, त्यावर रूफटॉप टेंट, ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर) आणि डिझेलचे दोन जेरीकॅन. आत प्लायचे ड्रॉवर, फ्रिज, दुसरी बॅटरी, चाळीस लिटर पाणी. सगळं भरून ताम्हिणीला चक्कर मारली तर गाडी मागून बसली, समोरून येणारे डिपर मारायला लागले आणि जरा वेग घेतला की स्टिअरिंग हलकं वाटायला लागलं. दुकानवाला म्हणतोय ४० मिलीमीटरची लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उचलायची) आणि हेवी ड्यूटी स्प्रिंग टाका, प्रश्न मिटला. टाकू का?

माझं मत, आत्ता नका टाकू. पैसे वाचवायला सांगत नाहीये, स्प्रिंग टाकल्या तर गाडी दिसायला सरळ होईल आणि खरा त्रास झाकला जाईल म्हणून सांगतोय. मी पुण्यात अठरा वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय आणि वर्षातून एकदा-दोनदा गाड्या घेऊन हिमाचल-लडाखला जातो, त्यात मागून बसलेली गाडी घेऊन आलेल्या दहा जणांपैकी सात-आठ जणांचं काम नुसतं सामान काढून आणि हलवून झालंय.

एक आधीच सांगतो, मी तुमची गाडी बघितलेली नाही. स्प्रिंग किती दमल्यात, शॉकअप गळतायत का, टायर कोणते, हे मला माहीत नाही, त्यामुळे खाली जे आकडे देतोय त्यात सामानाचं वजन अंदाजाने धरलंय. तुमचे खरे आकडे काट्यावरच कळतील.

तर आधी बेरीज करू. माणसं चार, सगळी मिळून २६० किलो धरा. टपावर लोखंडी रॅक ३५, टेंट ५८, ऑनिंग १५, दोन भरलेले कॅन ४२ (डिझेल पाण्यापेक्षा हलकं, वीस लिटरचं साधारण १७ किलो, वर पत्र्याच्या कॅनचे चारेक), म्हणजे टपावरच १५० किलो झाले. आत ड्रॉवर ५०, फ्रिज सामानासकट ४०, पाणी ४०, टूल-जॅक-कॉम्प्रेसर ३५, स्वयंपाकाचं सामान आणि शिधा ३५, कपड्यांच्या बॅगा ४५, लेड-ॲसिड बॅटरी २८. शिवाय फावडं, दोर, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) मिळून २५. सगळं मिळून ७०० च्या पुढे जातं, ७०८.

आता गाडी किती उचलू शकते ते बघा. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि कंपनीच्या प्लेटवर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. या दोघांतली वजाबाकी म्हणजे तुमच्या वाट्याचं वजन, माणसं धरून. सात सीटची गाडी म्हणजे कंपनीने सात माणसं ७५ किलोने धरली तर ५२५ होतात, त्यावर थोडंफार सामान, हा साधा हिशोब आहे. तुमच्या प्लेटवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचा, पण ७०० बहुतेक सात सीटर एसयूव्हींना जडच आहे. आणि ही मर्यादा स्प्रिंग बदलून वाढत नाही हे पक्कं लक्षात घ्या, कारण ती नुसत्या स्प्रिंगची नसते, त्यात ब्रेक, बेअरिंग, ॲक्सलची नळी, चेसिसचे जोड, टायर सगळं आलं. स्प्रिंग जाड टाकली म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत.

म्हणून पहिलं काम काटा. एमआयडीसीत, मार्केट यार्डाजवळ, साखर कारखान्याच्या रस्त्याला कुठेही ट्रकचा वजनकाटा मिळेल, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. सकाळी लवकर जा, ट्रकची रांग नसताना, आणि काटेवाल्याला आधीच सांगा की तीन वजनं हवीत. टाकी फुल्ल, सगळं सामान भरलेलं, चारही माणसं आत बसलेली, म्हणजे बाबांनाही घेऊन जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढची आणि मागची मिळून पूर्ण गाडीएवढी बेरीज आली पाहिजे, वीस-तीस किलो इकडेतिकडे चालतं कारण ट्रकचे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्यानेच दाखवतात. जास्त फरक आला तर काट्याच्या आजूबाजूची जमीन सपाट नाही, दुसरा काटा शोधा. जमलं तर एका बाजूची दोन चाकं चढवून डावं-उजवंही घ्या. पुढच्या-मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असते, ती जुळवून बघा. बऱ्याच वेळा असं होतं की एकूण वजन मर्यादेत असतं आणि मागचा ॲक्सल एकटा मर्यादेबाहेर, आणि तो माणूस बिनधास्त फिरत असतो कारण पावतीवर त्याने एकच आकडा घेतलेला असतो.

आता तुमचं स्टिअरिंग हलकं का होतंय ते सांगतो, मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लहानपणी सी-सॉवर बसलो तेच गणित आहे. स्कॉर्पिओ-एनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २७५० मिलीमीटर, म्हणजे पावणेतीन मीटर. फ्रिज, टूल आणि पाणी मिळून ११० किलो तुम्ही टेलगेटला चिकटून ठेवलंय, ते मागच्या ॲक्सलच्या मागे साधारण ७० सेंटीमीटरवर येतं असं धरा. मग मागच्या ॲक्सलवर ११० नाही, १३८ किलो येतात. हे वरचे २८ कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. तेच ११० किलो दुसऱ्या सीटच्या पाठीला टेकवून, ॲक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे आणलं तर मागे ९८ येतात आणि पुढे १२ वाढतात. एकही वस्तू घरी न ठेवता मागचे ४० किलो कमी आणि पुढचे ४० जास्त. तुमच्या गाडीत स्टेपनीसुद्धा खाली मागेच लटकलेली आहे, त्यामुळे शेपटीकडे आधीच वजन आहे, त्यात भर नको.

आणि चढावर हे आणखी वाढतं. भरलेली गाडी २७०० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ऐंशी सेंटीमीटरवर धरला, तर २० अंशाच्या चढावर साधारण २७० किलो पुढच्या ॲक्सलवरून मागे सरकतात. सपाटीवरच पुढची चाकं हलकी असतील तर चढावर ती आणखी हलकी होणार, मग फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लावूनही पुढची दोन चाकं खडी उडवत बसतात आणि स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. लोक म्हणतात टायर बोगस आहेत. टायर ठीक असतात, त्यांच्यावर वजनच नसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बरीच वर्षं झाली, माझ्याकडे तेव्हा जुनी थार सीआरडीई होती, मागे कॉइलऐवजी पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली. काझाहून कुंझुम उतरून बातल आणि पुढे छत्रूकडे येत होतो, ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहितेय की तिथे रस्ता म्हणजे नदीतले गोटेच. मागच्या दाराला मी कॅरिअर करून घेतला होता, त्यावर स्टेपनी, दोन कॅन आणि एक पेटी. प्रत्येक खड्ड्याला मागून ठक्क असा आवाज यायचा आणि मी म्हणायचो कॅन आदळतोय. छत्रूच्या अलीकडे एका नाल्यातून बाहेर निघताना आवाज बदलला, ठक्कच्या जागी काहीतरी फाटल्यासारखा, आणि गाडी उजवीकडे कलली. खाली वाकून बघितलं तर मुख्य पाटा सेंटर बोल्टच्या जरा मागे आरपार गेलेला, तुटलेली कड चकचकीत नवी आणि तिच्या कोपऱ्यात नखाएवढा भाग मात्र गंजून तपकिरी झालेला. म्हणजे तडा आधीच पडला होता, कित्येक दिवसांपूर्वी, आणि मी वजन लटकवून तो रोज उघडत होतो.

मागून एक ट्रक आला, त्याचा ड्रायव्हर लाहौलचाच. त्याने लाकडाचा ठोकळा मागचा ॲक्सल आणि चेसिसच्या मध्ये घालून साखळीने बांधून दिला, आणि बांधायच्या आधी काय केलं तर मागचे दोन्ही कॅन आणि पेटी उतरवून माझ्या शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवली. "पीछे खाली रखो, बीच में भरो", एवढंच म्हणाला. मनालीला पोचायला बाकीचा पूर्ण दिवस गेला. त्यानंतर माझ्या कुठल्याच गाडीच्या मागच्या दाराला मी स्टेपनीशिवाय काही लटकवलेलं नाही.

आता टप. १५० किलो हे टपासाठी खूपच जास्त आहे. मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याच गाड्यांची ५० ते १०० किलोच्या आसपास असते, आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं हे लोक विसरतात. ही मर्यादाही बऱ्या रस्त्यासाठी आहे, दगडधोंड्यांत मी त्याच्या दोन तृतीयांशच धरतो. टेंटवाले सांगतात की तीनशे किलो चालतात, ते उभ्या गाडीचं, रात्री झोपल्यावरचं. चालत्या गाडीचं वेगळं.

टपावरच्या वजनाने गुरुत्वमध्य किती वर जातो? रिकामी गाडी २३०० किलोची आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटीमीटरवर धरा, दोन मीटर उंचीवर १२० किलो ठेवले तर तो साधारण सहा सेंटीमीटर वर सरकतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण गाडी स्प्रिंगवर उभी असते, तिरक्या चरीत एक चाक खाली गेलं की टप बाहेर झुकतो, झुकला की वजन आणखी बाहेर जातं, आणि एका हेलकाव्यातून गाडी सावरेपर्यंत दुसरा खड्डा आलेला असतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची २१ वळणं चढताना तुम्हाला हे प्रत्येक वळणाला जाणवेल. मागे बसलेल्याला तर जास्तच, बाबांना मळमळायला लागलं तर ते फक्त उंचावरच्या विरळ हवेमुळे असेल असं समजू नका.

त्यामुळे टेंटबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका, हौसेने घेतलाय ते कळतं. काझा, लोसर, केलाँग, जिस्पा, लेह, हानले सगळीकडे होमस्टे आहेत, बाबा बरोबर आहेत, रात्री शिडी उतरून बाथरूमला जायचं आहे, सप्टेंबरच्या शेवटी रात्री पारा शून्याखाली जातो. टेंट या ट्रिपला घरी ठेवा. हौस म्हणून एक रात्र तंबूत राहायचंच असेल तर जमिनीवरचा सहा-सात किलोचा न्या. टेंट आणि ऑनिंग गेले की ७३ किलो टपावरून गेले, मग लोखंडी रॅकचीही गरज उरत नाही, तेही ३५ गेले. टपावर काही ठेवायचंच असेल तर रिकव्हरी बोर्ड, गाद्या, झोपायच्या पिशव्या, म्हणजे मोठं पण हलकं.

कॅन तर टपावर नकोतच. वरून गळलं तर गरम भागावर येतं, आणि मुळात तुम्हाला ते बहुतेक रस्त्याला लागणारच नाहीत. तुमची टाकी ५७ लिटरची, डोंगरात भरलेली गाडी ९ चं ॲव्हरेज देते असं धरलं तरी ५०० किलोमीटर होतात. काझाला पंप आहे. मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर पूर्वी पाटी असायची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, म्हणजे लेहपर्यंत, आणि तेवढं तुमच्या एका टाकीत आरामात बसतं. कॅन लागेल तो फक्त लेह ते हानले, उमलिंग ला करून परत लेहला येताना, जाऊन-येऊन साडेसहाशेच्या आसपास होतात. तेव्हा कॅन रिकामा न्या आणि लेह किंवा कारूच्या पंपावर भरा. पत्र्याचाच घ्या, प्लॅस्टिकचे डबे नकोत, आणि आत ठेवायचा असेल तर पॅकिंग नवं घालून, सीटपासून लांब, उभा, घट्ट बांधून, आणि टाकीत जागा झाली की पहिला तोच ओता. पुण्याहून भरलेले कॅन अडीच हजार किलोमीटर टपावर मिरवायचं काहीच कारण नाही.

पाण्याचंही तेच. एक लिटर म्हणजे एक किलो, चाळीस लिटर म्हणजे एक मुलगा गाडीत जास्तीचा बसला. पुणे ते मनाली तुम्हाला दर तासाला पाणी मिळतंय. दहा-बारा लिटर ठेवा, आणि पुढे निर्मनुष्य टप्प्याच्या दिवशी सकाळी वीस करा. लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी लिथियमची तेवढ्याच क्षमतेची घेतली तर पंधरा-सोळा किलो वाचतात, पण ती महाग आहे, घाईने घेऊ नका, चालत्या गाडीत फ्रिज मूळ बॅटरीवरही चालतो, रात्री बंद ठेवा. प्लायचे ड्रॉवर काढून प्लॅस्टिकचे क्रेट घेतले तर चाळीसेक किलो गेले. तिसऱ्या रांगेची सीट बोल्ट खोलून निघत असेल तर ट्रिपपुरती काढून घरी ठेवा, जागाही खोल मिळते आणि सामान खाली बसतं.

सामान कुठे ठेवायचं याची माझी रीत सांगतो. बाथरूमचा वजनकाटा घ्या, प्रत्येक क्रेट त्यावर ठेवा आणि कागदी टेपवर मार्करने आकडा लिहून क्रेटला चिकटवा. मग डिक्कीत खडूने मागच्या ॲक्सलची रेघ मारा, चाकाच्या मध्यावरून सरळ वर. १५ किलोच्या वरचं सगळं त्या रेघेच्या पुढे आणि तळाला, सीटच्या पाठीला टेकलेलं. रेघेच्या मागे कपडे, रजया, चिप्सची पाकिटं, टॉयलेट पेपर. रोज लागणाऱ्या हलक्या वस्तू मागे म्हणजे दार उघडल्यावर लगेच हाताशी, हाही फायदा. फ्रिज लोक टेलगेटला ठेवतात कारण उघडायला सोपा पडतो, तो बाजूच्या दाराने उघडता येईल असा आडवा लावा. डावं-उजवं बघताना लक्षात ठेवा की ड्रायव्हर उजवीकडे आहे आणि तो कायम असतो, म्हणून जड एकटी वस्तू असेल तर डावीकडे.

बांधणं तेवढंच महत्त्वाचं. चाळीस किलोचा फ्रिज कडक ब्रेक मारल्यावर तीसेक किलोच्या जोराने पुढे ढकलतो, तेवढं साधा दोर पेलतो. धडक झाली तर वीस पट धरा, आठशे किलो, आणि समोर तुमच्या मुलाची मान आहे. इलॅस्टिकचे हूक असलेले रबरी दोर सामान बांधायला वापरू नका, ते ताणले जातात. रॅचेटचा पट्टा, आणि तो कंपनीने दिलेल्या लोखंडी कड्यांनाच, प्लॅस्टिकच्या ट्रिमच्या हुकांना नाही. मागच्या सीटच्या वर सामान येत असेल तर मध्ये जाळी हवीच. पहिल्या दिवशी शंभर किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, सामान बसतं आणि पट्टे ढिले पडतात.

टायरकडे या. टायरच्या कडेला साइझच्या पुढे एक आकडा असतो, लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १०५ म्हणजे ९२५. दिसायला दांडगे म्हणून बदललेल्या टायरचा हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नाही ना ते बघा, माझ्याकडे अशा गाड्या येतात. आणि हा भार टायर पूर्ण हवा असतानाच पेलतो. फुल लोडला मागे किती हवा ते दारावरच्या स्टिकरवर वेगळं दिलेलं असतं, ते रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असतं, तेवढं भरा. हवा कमी, वजन जास्त आणि राजस्थानातला दुपारचा हायवे, टायर फुटायला आणखी काही लागत नाही.

उंचीवर एक गोष्ट गोंधळात टाकते. पुण्यात थंड टायरला ३३ पीएसआय भरलीत, बारालाचा खिंडीत म्हणजे ४,९०० मीटरच्या आसपास बाहेरचा हवेचा दाब जवळपास सहा पीएसआयने कमी असतो, म्हणून गेज तेवढं जास्त दाखवायला हवं, पण थंडीने दर पाच-सहा अंशाला एक पीएसआय उतरतं. पुण्यात २८ अंश आणि वर पाच अंश असेल तर शेवटी गेजवर दोनेक पीएसआय जास्त दिसतं. वर ते बघून हवा काढली की खाली मनालीत टायर मऊ पडतो. खडबडीत टप्प्यासाठी हवा काढायला हरकत नाही, पण भरलेल्या गाडीत रिकाम्या गाडीइतकी खाली जाऊ नका, मी २६ च्या खाली जात नाही, आणि डांबर लागलं की लगेच कॉम्प्रेसर काढतो.

आता मूळ प्रश्न, स्प्रिंग. वरचं सगळं करून, पुन्हा काट्यावर जाऊन, वजन मर्यादेत आलं आणि तरीही गाडी मागून बसतच असेल तर स्प्रिंगचा विचार करू. दोन गोष्टी मोजा. टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत, चारही चाकांना, रिकामी आणि भरलेली. मागे पाच-सहा सेंटीमीटर बसणं भरलेल्या गाडीला धरूनच आहे, पण पुढून गाडी वर आली असेल तर अजून वजन शेपटीकडेच आहे. दुसरं, मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला केबल टाय आवळून बांधा, खाली शॉकअपच्याच नळीपर्यंत सरकवा आणि तुमच्या नेहमीच्या खराब रस्त्याला फिरून या. टाय जिथे सरकून थांबला तिथपर्यंत सस्पेन्शन दाबलं गेलं. तो अगदी टोकाला गेला असेल आणि बम्प स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की टेकतं तो रबर) घासल्याची ताजी खूण असेल तर सस्पेन्शनला खरंच जागा उरत नाहीये.

हेवी स्प्रिंग कायम लादलेल्या वजनासाठी असतात. कायम दोनशे किलो मागे घेऊन फिरणाऱ्याने टाकाव्यात. वर्षात वीस दिवसांसाठी टाकल्या तर उरलेले दिवस ऑफिसला जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी उडेल आणि मूळ शॉकअप त्या स्प्रिंगला आवरू शकणार नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतील. तुमच्या गाडीला मागे कॉइल आहे, त्यामुळे कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी हा मधला पर्याय आहे, ट्रिपला हवा भरायची, आल्यावर कमी करायची, गाडी सपाट राहते आणि हेडलाइट खाली येतात. पण पुन्हा सांगतो, ती वजन कमी करत नाही. पाट्यांच्या पिकअपवाल्यांनी हे वाचत असाल तर जपून, तिथे पिशवी चेसिसच्या एकाच जागी जोर देते, मागे जास्त वजन लटकवलं तर केबिनच्या मागे चेसिस वाकू शकते.

लिफ्टबद्दल सांगतो. काही गाड्यांना, विशेषतः जुन्या, मागच्या ॲक्सलला ब्रेकचा व्हॉल्व असतो जो गाडी किती बसलीय त्यावरून मागचा ब्रेक किती द्यायचा ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे वजनच नाही, तो मागचा ब्रेक कमी करतो, भरलेल्या गाडीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला अडवतं, आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी हे प्रश्न निघतात. पुढे लोखंडी बंपर लावून वजन बरोबर करू असं कुणी सुचवलं तर तेही नको, बुलबारवर डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने बंदीचे आदेश दिलेत, एअरबॅगच्या सेन्सरचा घोळ होतो, आणि मागच्या ॲक्सलवरचं मूळ वजन जवळपास तसंच राहून पुढे साठ किलो वाढतात.

माझा क्रम असा राहील. या रविवारी आहे तसं भरून काटा. मग टेंट, ऑनिंग, रॅक, कॅन, ड्रॉवर, अर्धं पाणी बाहेर, माझ्या अंदाजाने यात दोनशेच्या पुढे किलो जातात आणि तुम्ही पाचशेच्या जरा खाली येता. मग खडूची रेघ आणि जड सामान तिच्या पुढे. मग पुन्हा काटा, टायरला फुल लोडची हवा, हेडलाइट लेव्हलरचा नॉब असेल तर तो एक-दोन घर खाली. निघायच्या दोन आठवडे आधी अगदी पूर्ण तयारीने एक रात्र भोर-वरंध किंवा माळशेजकडे काढा, आणि परत आल्यावर ज्या क्रेटला हात लागला नाही तो उघडून बघा, औषधं आणि टूल सोडून बाकी त्यातलं बहुतेक घरी ठेवता येईल.

आणि बाबांना पुढे डावीकडे बसवा, तुम्ही दोघं आलटून-पालटून चालवणार असाल तरी. सत्तर किलो मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आले की पुढच्या चाकांवर वीस-पंचवीस किलो वाढतात, आणि त्या हेअरपिनवर पुढची काच समोर असली की त्यांना मळमळही कमी होईल.